फाळक्याची पिन आणि ‘हे तर कोणालाही सुचले असते’ हा आक्षेप

यांत्रिक जोडणीसाठी पेटंटचा अर्ज केला, तर परीक्षकाकडून कोणता आक्षेप येणार हे अर्ज दाखल होण्यापूर्वीच सांगता येते. नट, बोल्ट, खिट्टी, क्लॅम्प, कडी-कोयंडा या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, त्यांची हालचाल उघड्या डोळ्यांना दिसते आणि नवी रचना कागदावर पाहिली की ती दोन मिनिटांत समजते. जे दोन मिनिटांत समजले ते दोन मिनिटांत सुचलेही असणार, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. औषधाच्या नव्या रेणूबद्दल असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. नागपुरात पेटंटची कामे करताना माझ्याकडे हिंगणा आणि बुटीबोरीच्या वर्कशॉपमधून येणाऱ्या शोधांत जोडणीचे शोध पुष्कळ असतात. या शोधांचा निकाल वस्तूच्या आकारावर कमी आणि अडचण कशी मांडली आहे यावर अधिक ठरतो, असे माझे मत झाले आहे, आणि त्याचीच कारणे येथे मांडतो.

आधी कायदा. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 2(1)(जेए) नुसार शोधात असे काही वैशिष्ट्य असावे लागते, ज्यामुळे उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती होते, किंवा ज्याला आर्थिक महत्त्व असते, किंवा दोन्ही; आणि त्याच वैशिष्ट्यामुळे तो शोध त्या विषयात निष्णात असलेल्या व्यक्तीला सहज सुचण्याजोगा राहत नाही. यातले ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द वाचून अनेक उद्योजकांना धीर येतो. माल विकला जातो आहे, गिऱ्हाईक मागून नेते आहे, म्हणजे झाले, असा त्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व यांपैकी एक पुरते, पण सहज सुचण्याजोगे नसणे ही अट दोन्ही बाबतींत कायम राहते. जोडीला कलम 3(एफ) आहे. माहीत असलेली उपकरणे केवळ शेजारी-शेजारी मांडली, त्यांची मांडणी बदलली किंवा संख्या वाढवली, आणि प्रत्येक उपकरण आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर त्याला शोध म्हणता येत नाही. जोडणीच्या अर्जांत या कलमाचा उल्लेख हमखास होतो.

जाता जाता एक स्थानिक खुलासा करतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सिव्हिल लाइन्समध्ये पेटंट माहिती प्रणालीचे कार्यालय आणि राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था असल्यामुळे पेटंटचा अर्ज तेथेच द्यायचा असतो, असे येथील बऱ्याच लोकांना वाटते. ती कार्यालये माहिती आणि प्रशिक्षण यांसाठी आहेत. महाराष्ट्रातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, आणि तो ऑनलाइन भरता येत असल्याने मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

भारतात या विषयावरचा पायाभूत निकाल योगायोगाने वस्तू घट्ट धरून ठेवण्याबद्दलच आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 1978 रोजी दिला. पेटंट 1951 चे, म्हणजे जुन्या 1911 च्या कायद्याखालचे होते, आणि वाद मिर्झापूरच्या भांडी-व्यवसायातला होता. धातूचे भांडे लेथवर फिरवून खरवडायचे, तर ते हेडस्टॉकवर, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाकडे, पक्के बसले पाहिजे. जुन्या पद्धतीत ते काम चालू असताना उडून जात असे आणि कारागिराला धोका पोहोचत असे. पेटंटधारकाने समोरच्या बाजूने, टेलस्टॉककडून, स्पिंडलचा दाब देऊन भांडे अॅडॅप्टरवर धरून ठेवण्याची व्यवस्था केली. काम सुरक्षित झाले, वेग वाढला, सफाई सुधारली. तरीही न्यायालयाने पेटंट रद्द ठरवले. टेलस्टॉक ही वस्तू कैक दशके माहीत होती. तिचा पारंपरिक कामासाठी थोडा फेरफार करून केलेला हा वापर म्हणजे वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा आहे, कुशल कारागिराच्या आवाक्याबाहेरचे त्यात काही नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल जोडणीच्या शोधांविरुद्ध वारंवार पुढे केला जातो, पण त्यात दिलेली कसोटी सहसा पूर्ण वाचली जात नाही. ती साधारण अशी आहे. प्राधान्य तारखेला (सहसा पहिला अर्ज दाखल झाला ती तारीख) उपलब्ध असलेले सामान्य ज्ञान बाळगणारा सक्षम कारागीर किंवा अभियंता डोळ्यांसमोर आणायचा. पेटंटधारकाने सोडवलेली अडचण त्याच्यापुढे उभी आहे, पण पेटंटधारकाने काढलेले उत्तर त्याला ठाऊक नाही. अशा माणसाच्या हातात जुना दस्तऐवज दिला, तर ‘मला हवे होते ते यात आहे’ असे तो म्हणेल काय? या कसोटीचा सगळा भार मधल्या वाक्यावर आहे. अडचण ठाऊक आहे आणि उत्तर ठाऊक नाही, या अवस्थेत परीक्षकाने स्वतःला नेऊन ठेवायचे असते, आणि उत्तर टेबलावर उघडे पडलेले असताना तसे करणे फार अवघड असते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये रोश विरुद्ध सिप्ला या खटल्यात तपासाच्या पायऱ्या घालून देताना, उत्तर कळल्यानंतरच्या शहाणपणाने मागे वळून पाहू नये, हे स्पष्टपणे नोंदवले ते याच कारणाने.

आता एक उदाहरण घेतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपवाल्यांचे हे काम आहे. त्यांच्या संमतीने, काही तपशील बदलून लिहितो आहे. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला दोन्ही बाजूंना लोखंडी कान असतात, खांबालाही कान असतो, आणि दोन्हींतून आडवी पिन जाते. पिनला साखळी बांधलेली असते आणि टोकाला क्लिप. कळमन्याच्या बाजारात सोयाबीन घेऊन आलेली ट्रॉली रिकामी करताना पाहिली असेल, तर पुढचे दृश्य ओळखीचे वाटेल. आतून सैल दाणा फाळक्यावर रेटा देत असतो, पिन कानांमध्ये आवळून बसलेली असते आणि हमाल तिला हातोडीने ठोकून बाहेर काढतो. ठोकून ठोकून टोक फुगते, मग क्लिप बसेनाशी होते, मग क्लिप लावणेच सोडून दिले जाते. आणि परतीच्या वाटेवर रिकामी ट्रॉली खड्ड्यांतून उधळत जाते तेव्हा सैल झालेली पिन निसटून फाळका रस्त्यावर आपटतो.

या गृहस्थांनी केलेली पिन अशी आहे. तिच्या डोक्याला वीतभर लांबीचा जड दांडा वेल्डिंगने काटकोनात बसवला आहे आणि दुसऱ्या टोकाला एक छोटा दात आहे. दांडा वर धरला की दात कानाच्या खाचेशी जुळतो आणि पिन आत जाते. दांडा सोडला की तो स्वतःच्या वजनाने पाव फेरा फिरून खाली लोंबतो, दात आडवा होतो आणि पिन बाहेर येऊ शकत नाही. धक्के बसले तरी दांडा खालीच राहू पाहतो. इथपर्यंतची रचना पाहून मी त्यांना सांगितले की, यावर पेटंट मिळण्याची आशा धरू नका. टोकाचा तुकडा वजनाने खाली पडून अडकणाऱ्या पिना शेतीच्या अवजारांवर आणि मचाणांवर सर्रास वापरल्या जातात, आणि खाचेतून आत घालून पाव फेऱ्याने अडकणारा दात बल्बच्या होल्डरपासून सगळीकडे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र आणणे हे मिर्झापूरच्या टेलस्टॉकइतकेच कारागिराच्या आवाक्यातले आहे.

मग त्यांनी पिनचा मधला भाग दाखवला. जेथे फाळक्याचा रेटा येतो तेवढाच भाग एका बाजूने सपाट घासलेला होता. दांडा खाली असताना रेट्याकडे पिनची गोल बाजू असते आणि फाळका घट्ट बसतो. दांडा वर उचलला की सपाट बाजू रेट्याकडे येते, फाळक्याला दोन-तीन मिलिमीटर सरकायला जागा मिळते, पिनवरचा आवळ सुटतो आणि त्याच क्षणी टोकाचा दात खाचेशी जुळतो. हातोडीची गरज उरत नाही. यामागचे गणित शाळेतल्या तरफेचे आहे. रेट्याखाली आवळलेली पिन सरळ ओढायची तर घर्षणाचा संपूर्ण जोर हाताने द्यावा लागतो; तीच पिन फिरवायची तर दांड्याची लांबी आपल्या बाजूने उभी राहते. पिनची त्रिज्या 10 मिलिमीटर आणि दांडा 200 मिलिमीटर धरला, तर ओढण्यासाठी लागणाऱ्या जोराचा विसावा भाग फिरवण्यासाठी पुरतो.

येथे अडचणीची मांडणी निर्णायक ठरते. ‘पिन निसटते’ अशी अडचण लिहिली, तर वजनाने पडणारा दांडा आणि आडवा होणारा दात हेच उत्तर ठरते, ते आधीच माहीत असते, आणि सपाट घासलेला भाग हा किरकोळ तपशील म्हणून बाजूला पडतो. ‘भरलेल्या ट्रॉलीचा रेटा चालू असताना हाताने सुटावी, आणि रिकाम्या ट्रॉलीच्या धक्क्यांत मात्र सुटू नये’ अशी अडचण लिहिली, तर एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन मागण्या समोर येतात आणि त्या एकाच पाव फेऱ्यात पूर्ण करणारी रचना हे उत्तर ठरते. कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. मला तसे वाटत नाही. क्लिप का लावली जात नाही, याचे कारण हातोडीत आहे, हे या गृहस्थांनी बाजारात उभे राहून पाहिले होते. बिघाडाचे मूळ ओळखणे हाच शोधाचा अर्धा भाग होता. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या पद्धतीत जवळचे आधीचे ज्ञान निवडून मग तांत्रिक अडचण ठरवतात, आणि त्या अडचणीच्या शब्दांत उत्तराची चाहूल येता कामा नये असे बंधन पाळतात. त्यानंतर, निष्णात व्यक्तीला तो बदल करता आला असता एवढे पुरेसे मानत नाहीत; प्रश्न असा असतो: ती अडचण सोडवण्यासाठी तिने तो बदल केला असता काय? भारतात ही पद्धत बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला ती उत्तम शिस्त लावते.

सैल होणाऱ्या नटांच्या इतिहासातही हेच दिसते. नट सैल होतो म्हणजे घर्षण कमी पडते, असे समजून स्प्रिंग वॉशर, चेकनट, नायलॉनच्या कड्याचे नट असे उपाय होत राहिले. गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये दाखवून दिले की, बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने होणारी सरक ही नट फिरून सैल होण्यामागची मुख्य गोष्ट आहे. तशी सरक होत असताना आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते. हे निदान हाती असेल तर एकमेकांना भिडणाऱ्या, पाचरासारख्या उतारांच्या जोड-वॉशरचे तर्कशास्त्र स्वच्छ दिसते. त्या उतारांचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे नट सैल होऊ पाहील तर बोल्टमधला ताण वाढतो आणि नट अडतो; भिस्त घर्षणावर न राहता ताणावर येते. जुन्या वॉशरला अजून चार दात वाढवले तर ती वर्कशॉपमधली सुधारणा. जोडणी टिकवण्याचे तत्त्वच बदलले, तर परीक्षकाला थांबून विचार करावा लागतो.

आता शेजारच्या क्षेत्राचा प्रश्न. निष्णात व्यक्ती आपल्या अडचणीवर उपाय शोधताना कोणाच्या फळीवर हात घालेल? यावर अमेरिकेतले दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 1992 च्या ओटिकर प्रकरणात होजपाइपभोवती आवळायचा धातूचा क्लॅम्प होता. आवळण्यापूर्वी तो गोल अवस्थेत धरून ठेवणारा आणि आवळताच आपोआप सुटणारा आकडा ही त्यातली नवी गोष्ट होती. परीक्षकाने कपड्यांसाठीच्या प्लॅस्टिकच्या हुकाचे पेटंट आधार म्हणून पुढे केले. शेवटी दोन्हीकडे हूकच तर अडकवायचा आहे, असा त्याचा तर्क होता. अपील न्यायालयाने तो मानला नाही. होजच्या क्लॅम्पची अडचण सोडवणारा माणूस कपड्यांच्या हुकांकडे वळेल, असे कोणी दाखवून दिलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. 2010 च्या वायर्स विरुद्ध मास्टर लॉक या प्रकरणात ट्रेलर जोडण्याच्या पिनला लावायची कुलपे होती. वेगवेगळ्या मापांच्या भोकांसाठी पिनवर चढवायची नळी, आणि कुलपात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून बाहेरून बसवलेले सील, असे दोन बदल होते. तसली सीले साध्या कुलपांवर आधीपासून होती. ज्यूरीने पेटंटधारकाच्या बाजूने कौल दिला होता, तरी अपील न्यायालयाने दोन्ही बदल सहज सुचण्याजोगे ठरवले. कुलपाची अडचण असलेला माणूस कुलपांकडेच पाहणार, ही त्यामागची भूमिका होती. मधल्या काळात, 2007 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा निकाल आला होता आणि सामान्य बुद्धीला पूर्वीपेक्षा जास्त वाव मिळाला होता, हेही लक्षात ठेवावे लागते. हे निकाल मुंबईच्या परीक्षकावर बंधनकारक नाहीत; मात्र फळी कोणाची, हा प्रश्न तेथेही उभा राहतोच.

अडचण आणि फायदा अर्जातच लिहिलेला असावा, हे मी प्रत्येक अर्जदाराला सांगतो आणि त्यासाठी ग्रॅहम विरुद्ध जॉन डियर हा 1966 चा निकाल वापरतो. तो नांगराच्या क्लॅम्पबद्दल आहे. खडकाळ जमिनीत नांगराचा दांडा दगडावर आपटून मोडू नये म्हणून त्याला स्प्रिंग आणि बिजागरीची पट्टी लावलेली असे. ग्रॅहम यांनी आपल्याच आधीच्या रचनेत बदल करून दांडा पट्टीच्या वरून काढून खाली घेतला. त्यामुळे दांड्याला अधिक मोकळेपणे लवता येते, असा मुद्दा नंतर जोराने मांडला गेला. न्यायालयाने पाहिले तर हा मुद्दा स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, नव्हता आणि पेटंट कार्यालयापुढेही कधी आलेला नव्हता. पेटंट टिकले नाही. आपल्याकडे कलम 59 प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली गोष्ट दुरुस्तीच्या नावाखाली नंतर आत घालता येत नाही. म्हणून हातोडीची गोष्ट, दांड्याचे गणित आणि सपाट बाजूचे काम हे सगळे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागते.

ट्रॉलीवाल्यांच्या बाबतीत नावीन्याचाही एक धोका होता, म्हणजे शोध अर्जाआधीच लोकांपुढे आला असे ठरण्याचा. त्यांनी अर्जाआधी ही पिन नातेवाइकांच्या ट्रॉल्यांवर लावून हंगामभर चालवली होती. कलम 32 प्रमाणे प्राधान्य तारखेच्या आधीच्या एका वर्षात, अर्जदाराने स्वतः किंवा त्याच्या संमतीने, केवळ वाजवी चाचणीसाठी केलेला आणि शोधाच्या स्वरूपामुळे लोकांसमोर करणे भागच असलेला वापर आड येत नाही. फाळक्याच्या पिनची चाचणी बंद खोलीत होणार नाही, हे उघड आहे. सुदैवाने एकही पिन विकलेली नव्हती.

परीक्षण अहवालात अपेक्षेप्रमाणे तीन दस्तऐवज आले आहेत. टोक पडणारी पिन, पाव फेऱ्याने अडकणारा दात आणि मशीनिंगच्या फिक्स्चरमधला (कामाचा तुकडा आवळून धरण्याच्या साधनातला) सपाट बाजूचा कॅम, म्हणजे फिरवला की आवळणारा किंवा सैल सोडणारा भाग. तिसरा दस्तऐवज मला जड वाटतो, कारण फिक्स्चर म्हणजे कपड्याचा हूक नव्हे. ते ट्रॉली बांधणाऱ्याच्या स्वतःच्या बेंचवर रोज असते, आणि त्या फळीवर त्याचा हात जाणारच नाही असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पण त्या फिक्स्चरमध्ये कॅम स्वतः बाहेर काढायचा नसतो, त्यामुळे आवळ सुटणे आणि दात जुळणे हे एकाच कोनात घडवून आणण्याचे काही कारण तेथे नाही. कलम 3(एफ) च्या आक्षेपालाही उत्तर येथेच आहे. दात आणि सपाट बाजू आपापले काम स्वतंत्रपणे करत नाहीत. सपाट बाजू नसेल तर दात जुळूनही पिन निघणार नाही, आणि दात नसेल तर आवळ सुटताच पिन धक्क्याने बाहेर पडेल. अर्जातल्या दाव्यांपैकी, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतो ते सांगणाऱ्या वाक्यांपैकी, केवळ वजनदार दांडा आणि दात सांगणारा पहिला दावा मी सोडून देण्याचा सल्ला दिला आहे. सपाट बाजू आणि दात यांचा कोन एकमेकांशी बांधणारा तिसरा दावा मुख्य दावा म्हणून पुढे घेतला आहे, आणि माझ्या अंदाजाने सुनावणीत त्याच्यावरच खरी चर्चा होईल.